त्र्याण्णवावी जागा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर, पिवळ्या पडलेल्या खोळीखाली बसून असतो. माझे पितळी स्क्रू अजून फिरतात. पण फिरवतो कोण?

नवा होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! आमच्या प्रयोगशाळेच्या ताई माझ्याजवळ कुणाला फिरकू देत नसत. काचपट्टीवरच्या रक्तात हिवतापाचे जंतू शोधणे हे आमचे काम. काचपट्टीवरच्या शंभर जागा पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असे लिहायचे नाही, हा ताईंचा नियम.

तो त्यांनी एकदाच मोडला. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. आत पू झाला असावा, असे सर्जनना वाटले.

"ताई, लवकर सांगा. मलेरिया नसेल तर पोट पुन्हा उघडावं लागेल," ते म्हणाले.

ताई चाळिसाव्या जागेवर थांबल्या आणि 'नाहीत' लिहून मोकळ्या झाल्या.

दुपारी डबा उघडला, पण राहिलेल्या साठ जागा आठवून तो तसाच झाकला. त्या परत आल्या, तीच काचपट्टी लावून पुटपुटत मोजू लागल्या. एकेचाळीस, बेचाळीस... त्र्याण्णवाव्या जागी तांबड्या पेशीत इवलीशी अंगठी दिसली. तोच तो जंतू!

ताई अनवाणी धावल्या. काकूंना शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत नेले होते.

"थांबा डॉक्टर! मलेरिया आहे. चूक माझी झाली!"

गोळ्या सुरू झाल्या. तीन दिवसांत ताप उतरला, पोट उघडावे लागले नाही. सगळ्यांनी कौतुक केले. ताई मात्र माझे भिंग पुसत राहिल्या.

पुढे झटपट तपासणीच्या पट्ट्या आल्या, ताई निवृत्त झाल्या. माझ्यावर टेकणाऱ्या त्यांच्या उबदार भुवईची मला फार आठवण येते.

मागच्या महिन्यात त्या आल्या! मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तपासणीसाठी रक्त द्यायचे होते. त्यांनी मला खाली काढवून घेतले आणि डोळा लावला.

"अगंबाई, सगळं धुरकट! चालायचंच. डोळा बरा झाला की येते हं तुला भेटायला."

ताई, दोष एकट्या तुमच्या डोळ्याचा नव्हता. माझ्या भिंगावरही धुळीचे पुट चढले आहे. पण मला बोलता कुठे येते?

मित्रांनो, तेवढे भिंग कुणी पुसाल का? ताई येतील, डोळा लावतील. आणि पुन्हा धुरकटच दिसले, तर त्यांना वाटेल की शस्त्रक्रिया फसली.