अर्ध्यात राहिलेला चमचा

मित्रांनो, मी जाड फळ्यांचा एक जुना बाक आहे. बसायचा नव्हे, कामाचा. शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात मी खिडकीखाली उभा आहे. हे दुकान काढणाऱ्या बाबांनी मला बनवले, तेव्हा त्यांचे हात दगडासारखे स्थिर होते.

पुढे दुकान त्यांच्या मुलीकडे आले. सगळे तिला ताई म्हणतात. शेजारचा वेल्डर रोज दुपारी यायचा आणि दोघे माझ्यावर कोपरे टेकून कडाकडा भांडायचे. असे नको, तसे कर! त्या भांडणातूनच पायांनी अधू असलेल्या एका शिंपिणीसाठी कोपराच्या दाबाने चालणारे मशीन निघाले. तिने ते चालवून पाहिले आणि माझ्यावर डोके टेकवून ती रडली. आसपासचे लोक बघायला आले, माझ्यावरून हात फिरवून गेले. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मला पुन्हा पालवी फुटल्यासारखे वाटले.

मग बाबांचे हात थरथरू लागले. तोंडाशी येईतो चमचा रिकामा. ते भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवू लागले. ताईने ठरवले, न सांडणारा चमचा करायचा. मूठ हलली तरी पुढची वाटी झोपाळ्यासारखी डुलून सपाट राहील, असा.

पण तोवर माझ्यावर फोन येऊन बसला होता. लाकडाला थरथर फार कळते, मित्रांनो! वाटी नेमकी कुठे टांगायची, हे ताईच्या डोक्यात जुळत आलेले असायचे, तेवढ्यात घुर्र! हातातली कानस खाली, फोन वर. कुणीतरी हसरा चेहरा पाठवलेला. मग त्यातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. परत येईपर्यंत धागा तुटलेला. वेल्डर अजूनही यायचा, पण आता दोघांच्याही माना खाली. भांडण बंद. ती शांतता मला खायला उठायची.

एकदा ताईने अर्धवट चमच्याचा व्हिडिओ टाकला. वाहवा झाली. मग चमचा राहिला बाजूला आणि व्हिडिओच जास्त झाले.

"चमचा कुठवर आला गं?" बाबा विचारायचे.

"होतोय हो! किती लोकांना आवडलाय, बघा तरी."

"लोकांपर्यंत पोचला. माझ्या तोंडापर्यंत कधी पोचणार?"

एका दुपारी बाबा सूपचा वाडगा घेऊन दुकानातच आले आणि ताईसमोर बसून जेवू लागले. सदरा भिजला. ताईचे डोळे भरले. "बाबा, मी आजच..." घुर्र! तिची नजर वळलीच. बाबांनी फोनवर तळवा ठेवला. हातही थरथरतोय, फोनही. कोण कुणाला हलवतेय, मला कळेना.

ताईने फोन उचलून वेल्डरपुढे धरला. "संध्याकाळपर्यंत मागितला तरी देऊ नकोस."

"माझाच मला आवरत नाही, त्यात तुझ्याची भर!" तो म्हणाला. पण दोन्ही फोन बाहेर स्कूटरच्या डिकीत ठेवून आला.

ती दुपार सोपी नव्हती. ताईची बोटे माझ्यावर टकटक करत राहिली. ती उठायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. दोघे उगाच एकमेकांवर खेकसले.

"वजन मुठीत घाल!"

"मुठीत नाही रे, वाटीच्या खाली..."

आणि दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिले. ताईने कानस उचलली. मी श्वास रोखला.

पहिला चमचा उलटला. दुसरा अडकला. पुढचा बाबांनी सूपमध्ये बुडवला. मूठ थरथरली, वाटी डुलली, पण कलली नाही.

"थोडं सांडलं," ताई म्हणाली.

"तेवढं सगळ्यांचंच सांडतं," बाबा म्हणाले आणि दुसरा घोट घेतला.

आता फोन माझ्यावर नसतो. पण ताईचा हात मधूनच खिशाकडे जातो. कधी मागे फिरतो, कधी नाही. माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तिच्या डोक्यात अजून काय काय अडकून पडले असेल? आणि तुमच्या?

मला पॉलिश करू नका, मित्रांनो. ओरखडे मला शोभतात. जपायचीच असेल, तर काम करणाऱ्याची तंद्री जपा. कुणी टक लावून बसले असेल, जेवायला बोलावलेलेही त्याला ऐकू जात नसेल, तर पुन्हा हाक मारू नका. त्याचे ताट झाकून ठेवा.