आरशात दिसेपर्यंत

ड्वेनने अर्धवट सोललेलं ग्रेपफ्रूट ताटलीत ठेवलं, हात पँटला पुसले आणि खुर्चीखालचे नारिंगी हातमोजे बाहेर काढले. कॅम्पग्राउंडच्या वळणावर एक लांबलचक ट्रेलर येऊन उभा होता. शेजारची सत्तावीस नंबरची जागा रिकामी होती, म्हणजे तो तिथेच लागणार.

"बस खाली," त्याची बायको व्हर्ना विणकामातून मान वर न करता म्हणाली. "कुणी बोलावलंय तुला?"

"आजवर कुणी बोलावल्यावर गेलोय का मी?"

ते खरंच होतं. थंडी पडली की नॉर्थ डकोटातून, नेब्रास्कातून म्हातारी माणसं आपापलं चाकांवरचं घर ओढत अ‍ॅरिझोनाच्या उन्हाला येत, आणि ते घर उलटं मागे घेत जागेत घालणं हा सगळ्या ओळीचा फुकटचा तमाशा असे. लोक खुर्च्या वळवून बसत. नवरे ओरडत, बायका चिडत, एखादा नळ मोडे. ड्वेनने चाळीस वर्षं धान्याचे ट्रक हाकले होते. त्याने मागे उभं राहून हाताने खुणा कराव्यात आणि कुणाचा पत्रा चेपावा, असं एकदाही झालं नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या स्टिअरिंगवर सत्तरीची बाई होती, लोइस नावाची. ड्वेनने आपण शेजारी असल्याचं सांगितलं आणि मागे घ्यायला मदत करतो म्हणाला. तिच्या बाजूला बसलेल्या उंच माणसाने डावा हात वर केला आणि हसून म्हटलं, "मंगळवार."

त्या दिवशी गुरुवार होता.

"हा हार्लन, माझा नवरा," लोइस म्हणाली. "एप्रिलमध्ये झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दही गेले. हा एकच उरलाय, तोच सगळ्याला पुरवतो."

मग आवाज खाली आणून तिने मागे उभ्या असलेल्या निळ्या मोटारीकडे खूण केली. त्यात त्यांची मुलगी जॅनेल होती, ओमाहापासून मागोमाग आलेली. तिची अट होती, की ट्रेलर लावताना बाहेरच्या कुणाची मदत लागली तर तो विकायचा आणि दोघांनी तिच्या तळघरातल्या खोलीत राहायला यायचं.

"तिचं चुकतंय असं नाही. घाबरलीय बिचारी," लोइस म्हणाली. "तुम्ही मदत करू नका, एवढीच मदत करा."

ड्वेन परत आला आणि हातमोजे मांडीखाली दाबून बसला. व्हर्नाला त्याने सगळं सांगितलं, तिने पलीकडच्यांना सांगितलं, आणि पाच मिनिटांत अख्ख्या ओळीने आपल्या खुर्च्या डोंगराकडे फिरवल्या. ड्वेननेही फिरवली, पण मान काही फिरवली नाही.

हार्लन उतरून मागे आरशात दिसेल असा उभा राहिला. काठी त्याने काखेत धरली होती. डाव्या हाताची बोटं जरा हलली की ट्रेलर तेवढाच वळे. ड्वेनला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की इतका नेमका हात आपलाही नाही.

तेवढ्यात काठी निसटली. हार्लनचा तोल गेला, त्याच हाताने त्याने ती कशीबशी पकडली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. आता खूण करायला हात उरला नाही. ट्रेलरचा पलीकडचा कोपरा सरळ विजेच्या खांबाकडे चालला होता आणि वळणामुळे लोइसला ती बाजू दिसत नव्हती. हार्लन "मंगळवार! मंगळवार!" ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

ड्वेन उठला. व्हर्नाने त्याचा पट्टा धरला.

"अगं, खांब—"

"बस."

हार्लनने एकवार खांबाकडे पाहिलं. मग काठी टेकत दोन पावलं बाजूला सरकला आणि जागेच्या कडेच्या ग्रेपफ्रूटच्या झाडामागे जाऊन उभा राहिला, लपंडावात मूल लपतं तसा. ड्वेनला वाटलं, संपलं, माणसाने हाय खाल्ली.

ट्रेलर जागच्या जागी थांबला. खांब आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं उरली होती.

जॅनेल झाडाकडे धावली. हार्लन खोडाला टेकून, धापा टाकत हसत होता. लोइस उतरली, खांब पाहून आली आणि तिने त्याच्या खांद्यावरचं पान झटकलं.

"तुला कळलं कसं?" जॅनेलने विचारलं. "बाबांनी थांबायची खूणच केली नाही."

"केली की. आरशातून गेले ना." लोइसने घाम पुसला. "इतकी वर्षं ते चालवायचे आणि मी मागे उभी राहायचे. मी दिसले नाही की ते थांबायचे. आता मी चालवते. ते दिसले नाहीत तर मी जागची हलत नाही."

ड्वेनला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि मग आपण ओरडलो नाही याचं बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला ट्रेलर कपाटाच्या खणासारखा आत गेला. लोइस उतरेपर्यंत जॅनेलने पिकअपमधला लाकडी ठोकळा काढला आणि गुडघे टेकून तो चाकाला लावला.

"बाहेरच्यांची मदत चालत नाही म्हणे," लोइस म्हणाली.

"मी बाहेरची आहे का?"

हार्लनने काठीने चाकाची दुसरी बाजू दाखवली. "मंगळवार," तो म्हणाला.

जॅनेलने ठोकळा उचलला आणि दुसऱ्या बाजूला लावला.