म्हाकुळाचे तिसरे हृदय

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना विच्छेदनाचा ट्रे आहे. देह पत्र्याचा आणि तळाशी ओतलेले काळे मेण, प्राण्याला टाचण्यांनी ताणून ठेवता यावे म्हणून. वर्ष संपले की मेण वितळवून सपाट करतात आणि भोके बुजतात. त्यामुळे ‘माझ्या अंगावर इतिहास कोरला आहे’ असले काव्य मला परवडत नाही.

माझ्यावर खेकडे, तारामासे, बांगडे निजून गेले. नाक दाबून आलेली मुले तासाभरात माझ्यात नाक खुपसून बसत. तेच माझे कौतुक. पुढे प्लास्टिकचे ट्रे आले आणि मी अडगळीत गेलो. एका परीक्षेला एक ट्रे कमी पडला, म्हणून बाहेर आलो.

एका चष्मेवाल्या मुलीच्या वाट्याला आलो. ती या परीक्षेत एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर विषयच सुटणार होता. जोडीला तिचा मामेभाऊ, पाठांतरात पहिला. म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, उघडून त्याची तिन्ही हृदये शोधायची आणि प्रत्येकावर कागदी झेंडी टोचायची, एवढेच काम होते.

दोन्ही कल्ल्यांच्या मुळाशी एकेक हृदय तिला सापडले. तिसरी झेंडी हातात धरून ती वाकून पाहत राहिली.

“ताई, टोच ना मधोमध! चित्रात तिथंच आहे.”

“चित्रात असेल. मला दिसत नाहीये.”

“तुला दिसेपर्यंत घंटा होईल. आण इकडे!”

त्याने झेंडी हिसकावून मधोमध टोचली. तिथे नेमकी शाईची पिशवी होती. पाहता पाहता म्हाकूळ, मी आणि मामेभावाची बोटे काळीकुट्ट झाली.

“झालं समाधान, पाठांतरवीर?”

इतक्यात बाई आल्या. “तिसरं कुठाय?”

मामेभावाने तोंड उघडले. तिने त्याच्या पायावर पाय दिला. “अजून सापडलं नाही, बाई. शोधतेय.”

“मग शोध की. वेळ आहे अजून.”

तिने माझ्यात पाणी भरले, ओतले, पुन्हा भरले. काळे पाणी निवळत गेले, मऊ अवयव सुटे होऊन तरंगू लागले. चिमट्याने तिने एक तलम पडदा उचलला, कल्ल्याकडून येणारी नळी धरून मध्याकडे सरकली आणि थबकली. पडद्याखाली फिकट, कोनदार असे काहीतरी होते.

“बाई! तीन! खरंच तीन आहेत!”

“अगं, पुस्तकात तेवढीच आहेत,” बाई हसून म्हणाल्या, “पण तू ती पाहिलीस. पास!”

“मी म्हटलंच होतं, मधोमध!” मामेभाऊ म्हणाला.

“हो रे बाबा, बोटभरच चुकलास!”

सारा वर्ग हसत माझ्यावर ओणवा झाला.

मित्रांनो, मला गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने मेण सुटते. तुमच्या शिकण्यापायी ज्याचा जीव गेला, त्याला नीट पाहिल्याशिवाय टाचणी लावू नका. आणि काही सापडलेच, तर खुशाल ओरडा. भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी अशा वेळी बाईसुद्धा वाचत नाहीत.