चंद्राला रफू

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, जन्मभर रफूगार होते. सिगारेटनं भोक पडलेला कोट आणून द्यावा, दाजी आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा काढून ते असं बुजवायचे, की गिऱ्हाईक नंतर भोक शोधत बसायचं आणि सापडलं नाही म्हणून मजुरीला कुरकुरायचं. दुकान बंद केल्यावर माणसं बागेत जाऊन बसतात. दाजी चंद्राच्या मागे लागले. आपल्या नव्हे. दूरच्या एका ग्रहाला पोरवडा भरपूर आहे, त्यातल्या एका पांढुरक्या चंद्राच्या.

त्याचं असं असतं, तिकडे गेलेलं यान फोटो पाठवतं ते काळेपांढरे, आणि एकाच जागेचे तीन. एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. अंतराळ संस्था ते कच्चे फोटो सगळ्या जगासाठी उघडे ठेवते. मग दाजींसारखी हौशी मंडळी ते उतरवून घेतात, तिन्ही एकमेकांवर बसवतात आणि रंगीत चंद्र तयार करून एकमेकांना दाखवतात. तीन फोटो होईपर्यंत यान पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे कडा जुळत नाहीत. भलेभले तिथे रडकुंडीला येतात. दाजींची हयात चौकड्यांच्या कापडाच्या रेघा जुळवण्यात गेलेली, त्यांना काय त्याचं.

आता ताईचं सांगतो. तिच्या उशाशी भिंतीला ओल होती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आतून झिरपायचं, पोपडे सुटायचे, सकाळी उठावं तर केसांत चुना. खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. पलंग हलवावा तर एकीकडे कपाट, दुसरीकडे दाजींचा संगणक. तिला या जन्मात आता एकच गोष्ट हवी होती, कोरडी भिंत. गवंडी तर रोज 'उद्या येतो' म्हणायचा.

अशात एकदा फोटो आले ते मधला एक पट्टा गायब होऊन. पाठवताना वाटेत कुठेतरी गळाला. बाकीची मंडळी अशा जागी काळं सोडून देतात. दाजींच्या घशाखाली चहा उतरेना.

"माझ्या हातून भोकासकट माल गेलेला नाही."

"अहो दाजी, भोक फोटोला आहे, चंद्राला नाही," मी म्हणालो.

"कोटवालाही हेच म्हणायचा, भोक कोटाला आहे, मला नाही. लोक बघायचे त्याच्याकडेच."

रफूला धागा त्याच कापडाचा लागतो, आणि चंद्राला आतली शिवण नाही. दाजींनी घरभर पोत शोधला. तव्याची पाठ पाहिली, पायपुसणं पाहिलं, माझं टक्कल पाहिलं. ते फार गुळगुळीत म्हणून नापास झालं. मग नजर ताईच्या टाचेवर गेली.

"टाच जुळतेय गं."

"कॅमेरा जवळ आणा, मग सांगते कुठे कुठे जुळते ते."

दाजी मागे सरकले आणि त्यांना भिंत दिसली. पोपडे, फुगवटे, खळगे, बुरशीच्या करड्या कडा. हुबेहूब. त्यांनी फोटो काढला आणि असा रफू केला की स्वतः चंद्रालाही कळू नये. जुन्या कॅलेंडरचा खिळाही सोबत गेला. सावली योग्य बाजूला पडतेय म्हणून त्यांनी तो राहू दिला.

हौशी मंडळींनी डोक्यावर घेतलं. 'काय हात आहे' काय नि 'हरवलेला पट्टा मिळाला कुठे' काय. दाजी नुसते गालात हसायचे.

आणि गवंडी आला. खरोखरच आला, थापी घेऊन. दाजी भिंतीला पाठ लावून उभे.

"हात लावायचा नाही. पुन्हा भोक पडलं तर धागा कुठून आणू?"

"अहो, भिंत आहे ती," ताई म्हणाली.

"होती."

गवंडी खूश होऊन परत गेला. न येण्याचं इतकं बळकट कारण त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं.

पुढे यान त्याच चंद्रावरून पुन्हा गेलं आणि तो पट्टा नीट टिपला गेला. आता रफू उघडा पडणार. फोटो उघडला, तर तेच पोपडे, तोच फुगवटा आणि उजवीकडे खिळा. खिळ्याचं डोकं जरा वाकडं, कारण ते मीच वाकडं ठोकलं होतं.

ताई चष्मा लावून वाकली. "म्हणजे तिथेही गळतंय. तिथेही गवंडी येत नसणार."

संस्थेतल्या एका संशोधक बाईंचा फोन आला. यानाच्या आधी तुम्हाला कळलं कसं? दाजी खोटं बोलणारे नव्हेत, त्यांनी भिंत सांगितली. बाई म्हणाल्या, "मग कृपा करून तिला हात लावू नका. चंद्रावर ती ओल वाढताना दिसतेय. यानातलं इंधन संपेपर्यंत तरी."

ताईनं फोन घेतला. "बाई, त्याच्या आधी माझं संपेल." आणि खोकली. ती खोकल्यावर भिंतीचा एक पोपडा पडला. तिकडून बाई म्हणाल्या, आत्ता इथे चंद्रावर काय पडलं?

पुढच्याच आठवड्यात दाजी डोळे तपासायला गेले, तेव्हा ताईनं गवंड्याला आणला. घरी जाऊन, हाताला धरून. त्यानं टाकीचा सांधा बुजवला, भिंत खरवडली, खिळा उपटला, गिलावा केला आणि ताईच्या पसंतीचा पिस्ता रंग फासला. दाजी आले, दारातच बसले.

यानाच्या पुढच्या फेरीत चंद्रावर पिस्ता रंगाचा एक गुळगुळीत पट्टा आला. संस्थेला वाटलं कॅमेरा बिघडला, त्यांनी तो फोटो काढून टाकला. पण दाजींनी आधीच उतरवला होता, आणि आयुष्यात प्रथमच टाका न घालता, जसा आला तसा मंडळींना दाखवला.

मंडळी तुटून पडली. निसर्गात असा रंग असतो का? सरळ ठिगळ लावलंय. म्हाताऱ्याचा हात गेला.

तीन दिवस दाजी जेवले नाहीत नीट. मग दुपारी संगणकासमोर बसले. ओल्या भिंतीचा जुना फोटो त्यांच्याकडे होताच. पिस्ता झाकायचा की झालं, गेलेली अब्रू परत. त्यांनी एका कोपऱ्यातून रफू सुरू केला. मी शेजारी बसून बघत होतो. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"अहो," ती झोपेतच म्हणाली, "इथे बोटाला ओलं लागतंय."

दाजींचा हात थांबला. मी उठून पाहिलं. नव्या रंगावर बारीकसा करडा डाग फुटला होता. दाजींनी आणखी एक टाका घातला. डाग पसरला. ताई खोकली.

भोक बुजवणाऱ्या माणसाला उसवायला सांगणं म्हणजे काय ते त्या धंद्यातल्यालाच कळेल. पण त्यांनी उसवलं. एकेक टाका, शेवटापर्यंत. जुना फोटोही पुसून टाकला. डाग वाळत वाळत नाहीसा झाला आणि ताई अशी घोरायला लागली, की भिंत ओली असती तर पडली असती.

"दाजी," मी हळूच म्हटलं, "मंडळींना काय सांगणार?"

"सांगतो, हात गेला म्हणून."

तेवढ्यात गवंडी पैशाला आला. पडद्यावरचा चंद्र त्यानं निरखून पाहिला आणि म्हणाला, "डाव्या कडेला रंगाचा एक हात कमी पडलाय की. उद्या येऊन मारतो."