सात साखळ्यांची विहीर

आमच्या नवऱ्याला, म्हणजे अभयला, मोबाईलवर एक आकडा सापडला आणि त्याला शिंगंच फुटली. एक साखळी म्हणजे वीस मीटर बारा सेंटीमीटर. झालं! वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे ना, मीटरमधी आलं की त्याला ते ब्रह्मवाक्य.

गावाकडच्या शेताची वाटणी आजेसासऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी साखळीनं मोजून केलेली. रस्त्यापासून सात साखळ्या माझ्या सासऱ्यांच्या, त्यापुढचं चुलतसासऱ्यांचं, मधी बांध. चुलतसासरे वारले. त्यांनी नंतर खोदलेल्या विहिरीवर त्यांची बायको, मनकर्णाकाकू, एकटीच भाजीपाला काढते, त्यावरच तिचं पोट. आता साहेबांचा हिशेब काय, तर सात साखळ्या म्हणजे एकशे एक्केचाळीस मीटर, आणि बांध तर सत्तरावरच आहे. म्हणजे काकूची विहीर आपली!

"पन्नास वर्षं दोन्ही घरं आंधळी होती का रे?" मी विचारलं.

"तुला मोजणीतलं काय कळतं?"

मला! मी त्याच वाळूजमधी माल तपासते, केसभर चूक दिसली तरी अख्खा लॉट परत पाठवते. पण घरी आलं की बाईची अक्कल चुलीत.

रविवारी टेम्पोत सिमेंटचे खांब घालून स्वारी निघाली. मीही चढून बसले. दुपारपर्यंत विहिरीच्या पलीकडं चार खांब उभे. काकू बघत होती.

"तू शिकलेला हायस बाबा, तुझंच खरं असंल," म्हणाली आणि मोटारीची वायर सोडायला लागली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"थांबा काकू. अभय, आपलं बजाजनगरचं घर किती जागेवर आहे?"

"एक गुंठा."

"गुंठा म्हणजे?"

"एक साखळी लांब, एक साखळी रुंद." पोपटासारखं बोलून गेला.

"आणि आपला प्लॉट किती फुटांचा?"

तो खांबाभोवतीची माती दाबायला लागला. मग मीच बोलले,

"तेहतीस बाय तेहतीस! तुझी मोबाईलमधली विलायती साखळी सहासष्ट फुटांची, इथल्या साखळीच्या दुप्पट. त्या मापानं आपला प्लॉट चार गुंठ्यांचा हवा, तीन गुंठे कमी आले की रे. कुणी खाल्ले? जा, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ठोक खांब!"

मला वाटलं, डोक्याला हात लावंल, चुकलो म्हणंल. पण ते तोंड चुकलेल्या माणसाचं नव्हतं, पकडलेल्या माणसाचं होतं. गुंठा त्याला ठाऊक होता. मोबाईलचा आकडा सोयीचा होता, एवढंच. शी! या माणसाचा डबा मी रोज भरते.

काकूनं वायर खाली ठेवली. "साखळी तेहतीस फुटांचीच होती, मेघा. मोजताना दुसरं टोक मीच धरलं होतं."

"मग बोलला का नाय काकू?"

"म्हटलं, पोराला लई गरज असंल." मग अभयकडं बघून म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती रं विहीर. मापात कशाला घेतलीस?"

अभय खाली बघत राहिला. मी ओढणी कमरेला बांधली आणि पहिला खांब हलवायला लागले.