शीळफाट्याच्या चढावर सुटलेली ट्रॉली

मित्रांनो, पोलीस चौकीच्या मागे गवतात जप्त होऊन उभा असलेला जुना पिकअप ट्रक म्हणजे मी. येणारेजाणारे बोट दाखवतात, "हीच ती खटारा गाडी, हिच्यामुळेच ती बाई अधू झाली." ते ऐकलं की फार लागतं.

कोलशेतच्या गुणाजीने मला हौसेने विकत घेतलं. बांधकामांवर लागणारे जनरेटर ट्रॉलीसकट ओढून न्यायचे, हे आमचं काम. माझ्या ताकदीबाहेरचं वजन गुणाजीने कधी जोडलं नाही. हुकाची पिन नीट बसवायची, खाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या, ट्रॉलीचे मागचे दिवे लागतात का पाहायचं आणि मगच चावी फिरवायची. वाटेत अडवणारे हवालदारसुद्धा त्याला शाबासकी देत.

पुढे गुणाजीला पाठदुखी जडली. वाकणं जमेना, म्हणून जोडणीचं काम धाकट्या भावाकडे, तानाजीकडे गेलं. गुणाजीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

एका सकाळी टिटवाळ्याला जनरेटर पोचवायचा होता. घाईघाईत तानाजीने पिन अर्धवट बसवली आणि साखळ्या माझ्या हौद्यातच टाकून दिल्या. गुणाजीने केबिनमधून विचारलं, "साखळ्या लावल्यास ना रे?"

"लावल्या, दादा. चल तू," म्हणत तानाजी त्याच्या शेजारी येऊन बसला.

मला सगळं कळत होतं, पण मला वाचा नाही. शीळफाट्याच्या चढावर पिन निसटली. ट्रॉली मागे घरंगळत गेली आणि रस्त्याकडेला काकड्या विकणाऱ्या तुळसाबाईंच्या पायावर चढली. पाय वाचला नाही.

पोलीस आले तेव्हा तानाजीने सांगितलं की गाडी जुनाट आहे, हुकच तुटला, दादाला कितीदा बदलायला सांगितलं होतं. माझा हुक तर धडधाकट होता! गुणाजीने हौद्यातल्या साखळ्या काढून पोलिसांसमोर ठेवल्या.

"हुक तुटलेला नाही. ह्या लावल्याच नव्हत्या," तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो. माझंही नाव लिहा."

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. गुणाजी तुळसाबाईंना भेटायला गेला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा खाली उतरून बघितलं असतंस तर?" हे त्याने माझ्या बोनेटवर हात ठेवून मला सांगितलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अवजड काही ओढून न्याल. जोडणारा सख्खा भाऊ असला तरी खाली उतरा, साखळी हाताने ओढून पाहा. आपल्यामागे रस्त्याकडेला कोणीतरी आपलं पोट भरायला बसलेलं असतं.