आपांच्या तोंडचं नाव

पक्षाघातानंतर मुक्या झालेल्या बुरमा-आपा अखेर बोलल्या आणि बिश्केकच्या त्या दवाखान्यात डॉक्टर दोलोतना आनंद आवरेना. घरच्यांचे फोटो दाखवून नावं विचारायची चाचणी चालली होती. घोड्यावरच्या म्हाताऱ्याचा फोटो बघून आपा स्वच्छ म्हणाल्या, "सुयुनबेक."

"चुकलं का काही?" डॉक्टरांनी सुनेला विचारलं.

"बरोबर आहे, तेच तर," आयजमाल म्हणाली. "आपांचे सासरे ते. लग्न होऊन आल्यापासून आपांनी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्यात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. थोरले म्हणायच्या."

"माझी आईही तसलीच. अहो, मेंदूतला लगाम तुटला असेल! मेंदूची गणितं तुम्ही करता आणि भूत बघितल्यासारखा चेहरा काय करता?"

गणितं ती करायची हे खरं. मेंदूचा एक भाग जायबंदी झाला की बाकीचे त्याचं काम कसं वाटून घेतात, हे ती संगणकावर प्रतिकृती करून बघायची. आपा धडधाकट असताना हौसेनं तिनं त्यांचाच मेंदू मोजून ठेवला होता.

दुपारी तिनं ती प्रतिकृती उघडून तिला तोच घोड्यावरचा फोटो दाखवला. लगामाचा भाग बंद केला. नाव उमटलं नाही. शेजारचा बंद केला, मग त्याच्या पलीकडचा. बोलणं अडखळलं, पोटचा मुलगाही ओळखू येईना. पण त्या फोटोपुढे मात्र थोरलेच. जन्माची सवय ती, एका कोपऱ्यात थोडीच राहते! उरलेला प्रत्येक भाग ती धरून होता, अगदी शेवटचा बंद होईपर्यंत. म्हणजे ते नाव घ्यायचं तर आत आपांमधलं काहीच उरायला नको होतं.

आयजमाल तडक दवाखान्यातल्या खोलीत गेली आणि आपांचाच तरुणपणीचा फोटो समोर धरला. "ही कोण?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर माया दाटली. "बायको माझी," आवाज आपांचाच होता. "केव्हापासून दिसत नाही. तू बघितलीस का गं, सूनबाई?"

आयजमालचा हात आपसूक डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. आपांचे यजमान, म्हणजे तिचे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासमोर ओढायची तसा तिनं तो पुढे ओढला. त्यांच्या नावानं हाक मारायची, बस. ओ आली तर आपा गेल्या. नाही आली तर अजून आशा होती. आपांवर तिचा फार जीव होता. नाव तर तिला पाठ होतं.

तिनं तोंड उघडलं. म्हातारी वाट बघत होती. आयजमालच्या जिभेवर ते नाव काही येईना.